संपादक साहेब, आमचा पेपर आम्हाला वाचता येऊ द्या

मा. संपादक साहेब, व्यवस्थापनातले सगळे आणि ज्यांनी नवीन डिझाइन केलं ती मंडळी, सगळ्यांना सोलापुरातल्या एका जुन्या वाचक घराकडून नमस्कार.

१ जानेवारीपासून आपला पेपर बदललाय. पेपरचं नाव मी इथे मुद्दामच लिहीत नाही कारण मला कुणाची बदनामी करायची नाही, तुम्हाला कळलं तरी पुरे. खरं तर हे असं जाहीर लिहायचं माझ्या मनात नव्हतं. १० जानेवारीला दोन पानी पत्र हाताने लिहून ऑफिसात नेऊन दिलं, काउंटरवरच्या मुलीने शिक्का मारून पोच दिली, ती पोच अजून माझ्या पर्समध्ये आहे, उत्तर मात्र आलं नाही. मधे एका रविवारी तुम्ही 'वाचकांची पसंती' म्हणून अख्खं पान छापलं, पंधरा-सोळा जणांचे फोटो आणि खाली प्रतिक्रिया, डॉक्टर, बिल्डर, क्लासवाले सर, माजी नगरसेवक, सगळ्यांना लूक फ्रेश वाटला, मॉडर्न वाटला, मोठ्या शहरातल्या पेपरसारखा वाटला. त्यांना वाटलं असेल, मी खोटं म्हणत नाही. पण मजकूर वाचता येतोय का यावर त्या पानात एक अक्षर नव्हतं आणि आमच्या गल्लीत महिनाभर त्याशिवाय दुसरं बोलणं नाही. म्हणून म्हटलं, उरलेल्या वाचकांची प्रतिक्रिया आपण लिहू.

मी अशोक चौकाच्या पुढे राहते. आमचं घर पद्मशाली, म्हणजे विणकरांचं, घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, आई विड्या करायची. मी स्वतः गेली बावीस वर्षं डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, हँडबिलं, स्मरणिका, पावती पुस्तकं, पेजमेकर आणि श्रीलिपी या जुन्या सॉफ्टवेअरच्या जमान्यापासून, त्यामुळे स्क्रीनवर छान दिसणारं अक्षर कागदावर उतरल्यावर त्याचं काय होतं हे मला रोज बघायला मिळतं. पण हे पत्र त्यासाठी नाही लिहीत. हे पत्र अम्मासाठी, म्हणजे माझ्या आईसाठी लिहितेय.

अम्माचं वय आता एकाहत्तर. मी तिसरीत असताना दुपारी शाळेतून आले की आमच्या जोत्यावर पाच-सहा बायका बसलेल्या असायच्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या पोत्यात गुंडाळलेली पानं, कात्रीचा आवाज सतत चालू. हात एक क्षण थांबवता यायचा नाही, हजार विड्या भरल्याशिवाय विडी कंपनीच्या ब्रँचला जाता येत नाही आणि गेल्यावर त्यातल्या किती छाटतील ते सांगता येत नाही. त्या मला म्हणायच्या, पेपर चदुवु, म्हणजे पेपर वाच. मी उंबऱ्यावर बसून मराठीत वाचायचे आणि जे कळलं नाही ते तेलुगूत सांगायचे, मजुरीवाढीची बातमी असली की दोनदा वाचायला लावायच्या, आकडा आला की 'परत सांग' म्हणायच्या. तो पेपर तुमचाच होता. आमचा स्वतःचा नव्हता, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदार मामांचा शिळा पेपर दुपारी मिळायचा.

नंतर गल्लीत साक्षरतेचा वर्ग निघाला, रात्री आठ ते नऊ, अम्मा जायला लागली. पाटीवर जे शिकली ते पाटीवरच राहिलं असतं, पण तिने घरी तुमच्या पेपरचे मथळे लावून लावून वाचायचा नाद धरला. तिने स्वतःहून वाचलेला पहिला शब्द 'पाणी'. मला तो दिवस लख्ख आठवतो, पहिल्या पानावर मोठा मथळा होता आणि ती बोट ठेवून म्हणाली, हे पाणी आहे ना? त्यानंतर तीस वर्षांहून जास्त झाली, तिने एक दिवस पेपर चुकवलेला नाही. पहिल्या पगारातून मी घरात काही घेतलं असेल तर महिन्याचा पेपर लावला.

तुम्ही म्हणाल हे घरगुती कशाला सांगता. कारण मोठेपणी वाचायला शिकलेला माणूस वेगळा वाचतो हो. आपण लहानपणी शिकलेले लोक अर्धा शब्द बघून पुढचा ओळखतो. अम्मा तसं नाही वाचत, ती अक्षराचा आकार ओळखते. जो आकार तिने तीस वर्षं बघितला तो बदलला की तिच्यासाठी ते अक्षर नवीन होतं. २ जानेवारीला सकाळी तिने मला हाक मारली आणि 'सोलापूर'वर बोट ठेवून विचारलं, हा ल कुठला? मी बघितलं तर तुमच्या नवीन फॉन्टमध्ये ल हिंदीचा आणि श पण हिंदीचा. तुम्हाला बारीक गोष्ट वाटेल. पण २००९ साली महाराष्ट्र शासनाने मराठीच्या वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं म्हणून सांगितलीत, शाळेत पोरांना तेच शिकवतात, आणि सोलापूरच्या मराठी पेपरात, ज्याच्या गावाच्या नावातच ल आहे, तो रोज चुकीचा छापून येतो. फॉन्ट विकत घेताना कुणीतरी मराठी वाचणाऱ्या माणसाने एक पान नजरेखालून घातलं असतं तरी हे लक्षात आलं असतं.

अक्षरांचं निघालंच आहे तर तेच आधी पूर्ण सांगते, कारण मुख्य तक्रार तीच आहे. आधीचा मजकूर साधारण अकरा पॉइंटचा होता, मी आमच्याकडे तसाच प्रिंट काढून शेजारी ठेवून बघितलं, आताचा नऊच्या आसपास आहे. इंग्रजीत नऊ पॉइंट चालून जातो. मराठीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, रुकार, जोडाक्षर, त्यामुळे तेवढ्याच उंचीत मधल्या अक्षराला जागा फार थोडी उरते. ओळींमधलं अंतर पण कमी केलंय, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो. त्यात फॉन्ट बारीक, म्हणजे लाइट. आणि त्याच्याही वर मजकूर काळा नाही, करडा. आता प्रेसमध्ये करडी शाई नसते हे तुम्हाला मी सांगायला नको, काळ्याच शाईचे बारीक ठिपके पाडून करडा दिसवतात, फोटोला ते ठीक आहे, पण केसासारख्या बारीक अक्षराला ठिपक्यांत फोडलं तर त्याची कड तुटते. मी कामावरचं भिंग लावून तुमच्या पान तीनवरची एक ओळ बघितली, 'पाणीपुरवठा बंद राहणार' असं होतं, त्यात बंदचा अनुस्वार नव्हताच, जागेवर दोन पुसट ठिपके होते. शिरोरेघ तीन ठिकाणी तुटलेली. हे चकचकीत कागदावर नीट येईल, पेपरच्या कागदावर येत नाही, तो शाई पितो आणि पातळ इतका की मागच्या पानाची जाहिरात पुढे दिसते. ज्या एजन्सीने हे डिझाइन केलं त्यांनी ते कॉम्प्युटरवर पांढऱ्याशुभ्र स्क्रीनवर तुम्हाला दाखवलं असणार आणि तिथे ते खरंच देखणं दिसलं असेल, याबद्दल मला शंका नाही. पण सकाळी साडेसहाला चाळीस वॉटच्या बल्बखाली ते कुणी वाचून बघितलं का?

रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं हा प्रकार तर बंदच करा. चार रंग एकमेकांवर केसभर सरकले की पांढरं अक्षर बुजतं, रोज कुठल्या ना कुठल्या पानावर सरकतातच.

दुसरी गोष्ट पाणी. बाहेरगावच्या लोकांना कळणार नाही पण सोलापूरकराला पाण्याचा वार पाठ लागतो. आमच्याकडे चार दिवसाआड, कधी पाच दिवसाआड पाणी येतं, लाइन फुटली किंवा वीज गेली की रोटेशन एक दिवस पुढे ढकललं जातं, मग पहाटे चारला येणारं रात्री दहाला येतं. तुमच्या पेपरात दुसऱ्या पानावर डाव्या बाजूला खाली चौकट यायची, 'उद्या पाणी कुठे', भागांची नावं आणि वेळ. त्या चौकटीवर घराघरातली कामं ठरायची, कुणी रात्रपाळीवरून लवकर यायचं, कुणी माहेरी जायचं पुढे ढकलायचं, धुणं कधी, पाहुण्याला कधी बोलवायचं, सगळं. आता तिथे क्यूआर कोड आहे. स्कॅन करा आणि आपल्या भागाचं वेळापत्रक बघा. अम्माकडे बटणाचा फोन आहे. आमच्या गल्लीत ज्या बायका पाणी भरतात त्यातल्या बऱ्याच जणींचा फोन नवऱ्याबरोबर नाहीतर पोराबरोबर कामावर गेलेला असतो. मी माझ्या फोनवर स्कॅन करून बघितलं, आधी ॲप घ्या म्हणतं, मग नंबर टाका, ओटीपी टाका, मग दोन जाहिराती, आणि मग जे वेळापत्रक उघडलं ते परवाचं होतं. जी गोष्ट विकत घेतलेल्या कागदावर दोन सेकंदात दिसत होती त्यासाठी तुम्ही आम्हाला दुसरीकडे का पाठवता? २० जानेवारीच्या आठवड्यात आमच्या ओळीतली चार घरं पाण्याला चुकली, त्यात एक बाळंतिणीचं घर होतं. मग भर दुपारी घागरी घेऊन दुसऱ्या गल्लीत बोअरला रांग. आधीपण पाणी चुकायचं, नाही असं नाही, पण तेव्हा महापालिकेला नाव ठेवायचो, पेपरला नाही.

त्याच्याच जोडीला उजनी धरणाची चौकट. ही मात्र मला फार महत्त्वाची वाटते म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी तुम्ही पाणीपातळी, एकूण साठा, उपयुक्त साठा, टक्केवारी आणि पावसाळ्यात दौंडहून धरणात येणारा विसर्ग असं सगळं द्यायचा. साधी काळी-पांढरी चौकट, पण सोलापुरात रिक्षावाल्यापासून उसाच्या शेतकऱ्यापर्यंत सगळे आधी ती बघतात. आता तिथे निळा थेंब काढलाय आणि थेंबात फक्त एकूण साठा टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत. दिसायला चांगला आहे. पण उजनीचा हिशेब असा सरळ नाही हो. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, उपयुक्त साठ्यात न धरलेलं पाणी, टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या पाण्याची, म्हणून तर आपण उजनी प्लसमध्ये, उजनी वजामध्ये असं बोलतो. उद्या उन्हाळ्यात साठा ६० टीएमसीवर आला तर तुमचा थेंब अर्ध्याहून जास्त भरलेला दिसेल आणि धरण खरं म्हणजे वजामध्ये गेलेलं असेल. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं, तेव्हा आम्ही रोज ती चौकट बघून पाणी जपून वापरलंय. आकडा खरा छापून सुद्धा माणसाची समजूत चुकीची होईल असं चित्र पेपरने काढू नये.

बाजारभावाचं पण तेच झालंय. माझ्या जावेचे भाऊ मोहोळकडे शेती करतात. डिसेंबर-जानेवारी म्हणजे आपल्या मार्केट यार्डात कांद्याचा हंगाम, गाड्यांच्या रांगा लागतात. जुन्या तक्त्यात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे वेगवेगळे आकडे असायचे. आता कांद्याचं रंगीत चित्र आणि त्यावर एकच मोठा आकडा, तो कमाल भावाचा. कमाल भाव कुणाला मिळतो तर एखाद्याच्या दहा-वीस पिशव्यांना, एक नंबर मालाला. शेतकऱ्याला बघायचा असतो तो सर्वसाधारण. या दादांनी मोठा आकडा बघून पिकअप ठरवली आणि माल आणला, विक्रीची पट्टी निघाली ती आकड्याच्या निम्म्याने, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं गेलं. त्यांना भाव कळत नाही असं नाही, वीस वर्षं कांदा करतात, फोन करून पण विचारता आला असता. पण पेपरात छापलंय म्हणजे खरं असणार ही सवय तुम्हीच लावलीये ना आम्हाला.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते.

निधनवार्ता चौथ्या पानावर एका ठरलेल्या कॉलममध्ये यायच्या, फोटो, नाव, वय, राहणार कुठे, अंत्ययात्रा किती वाजता, मागे कोण कोण. अम्माच्या वयाची माणसं पेपर उघडला की आधी तिथे जातात, त्यात काही वाईट नाही, त्यांच्या ओळखीची माणसं आता तिथेच भेटतात. नवीन डिझाइनमध्ये त्या कॉलमला जागाच नाही. जाहिराती लागून जिथे पट्टी उरेल तिथे वार्ता टाकतात, कधी पान सहा, कधी अकरा. जानेवारीत अम्माच्या बरोबर एकाच ब्रँचला एकतीस वर्षं विड्या दिलेली तिची मैत्रीण गेली. त्या मावशी पुढे विडी घरकुल वसाहतीकडे राहायला गेल्या होत्या, घरी फोन नाही, येणं-जाणं कमी झालेलं, पण दोघी एकमेकींचं सगळं धरून होत्या, मी आजारी असताना तीन रात्री त्या माझ्या उशाशी बसल्या होत्या. वार्ता तुमच्याच पेपरात आली होती. पान अकरा, फ्लॅटच्या जाहिरातीखाली, करड्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत, फोटो नखाएवढा. अम्माने त्या दिवशी पण पेपर वाचला होता. तिला ते दिसलं नाही. तिला कळलं अकराव्या दिवशी, भाजी घेताना, कुणाच्या तरी तोंडून.

घरी येऊन ती म्हणाली, पेपरात आलं नव्हतं, आलं असतं तर मी गेले असते. मी रद्दीतून तो पेपर काढला आणि शोधून दाखवलं. तिने भिंग घेतलं, दाराच्या उजेडात गेली, बराच वेळ बघत होती, मग बोटाने तो फोटो पुसल्यासारखं केलं आणि पेपर घडी करून गादीखाली ठेवून दिला. काही बोलली नाही. साहेब, त्या दिवशी मी हे पत्र लिहायचं ठरवलं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात लिहिते. पानांची नावं इंग्रजीत केलीत, सिटी, बझ, ट्रेंड, वगैरे, आणि तीसुद्धा इंग्रजी लिपीत. या शहरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या कितीतरी घरांनी मराठी वाचायला पेपरातूनच घेतलं, माझ्या शेजारच्या कन्नड काकू अजून मोठ्याने वाचतात, त्यांच्यासमोर आता तिसरी लिपी ठेवून काय मिळवलं? 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघाला तेव्हा बाळशास्त्री जांभेकरांनी एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी असा मजकूर दिला होता, ज्याला जे वाचता येतं त्याने ते वाचावं म्हणून. त्याच तारखेला आपण पत्रकार दिन करतो. वाचणाऱ्याला काय येतं ते आधी बघायचं ही आपल्याकडे पहिल्या अंकापासूनची रीत आहे.

वाचकांचा पत्रव्यवहार आठवड्यातून एकदा केलात, तोही चार ओळींचा. गटार, दिवाबत्ती, घंटागाडी, लोकांनी दाद मागायची जागा तीच होती, वॉर्डातला माणूस तुमच्या पेपरात नाव येईल म्हणून हलायचा.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा कार्यक्रम दरवर्षी एका पानावर सुटसुटीत यायचा, तैलाभिषेक, अक्षता, होम, दारूकाम, नंदीध्वज कुठून कधी निघणार, आम्ही तो कापून भिंतीला लावायचो. यंदा तो शुभेच्छांच्या जाहिरातींत चार तुकड्यांत विखुरला होता.

आणि १२ जानेवारी. १९३१ साली त्या दिवशी इंग्रजांनी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिली. आपल्या शहराचा हा सगळ्यात मोठा दिवस, चार हुतात्मा पुतळ्याजवळ सकाळपासून लोक येतात. यंदा पहिल्या पानावर बाहेरून पूर्ण पानाची गाड्यांची जाहिरात, ती उलटली की दुसरं पहिलं पान, तिथेही नाही, बातमी पान पाचवर तीन परिच्छेद. कुर्बान हुसेन स्वतः वर्तमानपत्र चालवायचे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे मला समजतं, आमची प्रेसही जाहिरातीच्याच कामावर चालते. पण वर्षातला तो एक दिवस पहिलं पान त्यांचं राहू द्या.

सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. फोटो आता खरंच चांगले येतात, सिद्धेश्वर तलावावरच्या धुक्याचा फोटो माझ्या मुलीने कापून ठेवलाय. खेळाचं पान छान झालंय, शाळा-कॉलेजच्या पोरींच्या सामन्यांना जागा मिळते. आणि तुमचे बातमीदार पहिल्याइतकंच काम करतात हे दिसतं, ड्रेनेजच्या कामाची जी मालिका चालू आहे ती मी रोज वाचते. म्हणूनच जास्त वाईट वाटतं, कारण ऊन-पाऊस बघत कुणीतरी बातमी आणली आणि ती शेवटी माझ्या आईपर्यंत पोचली नाही, का, तर अक्षर करडं आहे.

मी एकटी बोलत नाही. आमच्या भागातल्या वाचनालयात सकाळी जी वयस्कर माणसं येतात, त्यात जुन्या मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे विणकामाला, काम केलेले एक आजोबा आहेत, ते आता तुमचा पेपर स्टँडवरून काढून खिडकीत नेऊन वाचतात, म्हणून बाकीचे ओरडतात. मला म्हणाले, पोरी, माझे डोळे गेले असं वाटून मी चष्मा बदलला की ओ, आठशे रुपये गेले, नंतर कळलं पेपर बदललाय. पेपर टाकणारा पोरगा सांगतो त्याच्या लाइनमध्ये अकरा घरांनी पेपर बंद केला, त्याचं कमिशन गेलं, त्याची यात काय चूक? किराणावाल्या मामांनी मात्र बंद केला नाही, ते म्हणतात वाट बघू, तीन पिढ्यांचा पेपर आहे. अशा वाट बघणाऱ्या एकशे चौऱ्याऐंशी जणांच्या सह्या मी गेल्या दोन आठवड्यांत घेतल्यात, संध्याकाळी कामावरून आल्यावर दारोदार जाऊन. काहींनी अंगठा दिलाय, ते वाचून घेणारे आहेत, पण ते पण तुमचे वाचकच धरा.

आमचं मागणं असं आहे. बातमीचा मजकूर पहिल्यासारखा मोठा करा, पूर्ण काळा करा, ओळींत अंतर द्या, आणि ल आणि श मराठीचे वापरा, हे सगळं फॉन्टच्या सेटिंगचं काम आहे, कागद थोडा जास्त लागेल हे मान्य, त्यासाठी एखादी सिनेमाची बातमी कमी केली तर आमची तक्रार नाही. पाण्याचं वेळापत्रक रोज कागदावर छापा, कोड ठेवायचा तर त्याच्या बाजूला ठेवा. उजनीची चौकट आणि बाजारभावाचा तक्ता सगळ्या आकड्यांसह परत द्या. निधनवार्ता एका ठरलेल्या पानावर, एका ठरलेल्या जागी, काळ्या अक्षरांत, यात कसलीही तडजोड नको. पानांची नावं मराठीत. वाचकांची पत्रं निदान आठवड्यातून तीनदा. आणि यापुढे असं काही बदलायच्या आधी दहा-पंधरा साध्या वाचकांना बोलवा, त्यात साठीच्या पुढचे निम्मे असू देत, त्यांच्या हातात छापलेलं पान द्या आणि वाचायला सांगा. आवडलं का विचारू नका, वाचता आलं का ते विचारा. कोडमधून जो अभिप्रायाचा फॉर्म उघडतो त्यात हसऱ्या चेहऱ्याचे तीन पर्याय आहेत, आवडलं नाही म्हणायला जागाच नाही, तो पण बदला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी दुपारी तीन वाजता मी या पत्राची प्रत आणि सह्यांचे कागद घेऊन ऑफिसात येतेय. घोषणा नाहीत, मोर्चा नाही, आम्ही चार-पाच जणच असू. अम्मा पण यायचं म्हणते, जिना चढावा लागेल म्हणून मी नको म्हणत होते पण ऐकायला तयार नाही, भिंग आत्तापासून पिशवीत टाकून ठेवलंय. ठरवू शकेल असा कुणीतरी जबाबदार माणूस अर्धा तास भेटावा एवढी विनंती आहे. त्या दिवशीचा पेपर टेबलावर ठेवा आणि कुठलीही एक बातमी तिला तुमच्यासमोर वाचू द्या.

आपली,
अशोक चौक, सोलापूर इथली एक वाचक
(सोबत १८४ सह्या)